सावंतवाडीची टोपली

सावंतवाडीला गेलेला माणूस परत येताना काय घेऊन येतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. लाकडाची केळी, लाकडाचे आंबे, लाकडाचे सीताफळ आणि घरात लहान मूल असेल तर लाकडी भातुकली! आमच्या शेजाऱ्यांकडे तर अशी हुबेहूब फळे आहेत की, एकदा एका पाहुण्याने बोलता बोलता त्यातले केळे सोलायला घेतले होते. आम्हीही तिथून फळे आणली. पण फळांबरोबर एक टोपली आणली. ती लाकडाची नाही, वेताची नाही, चक्क रद्दी कागदाची आहे. तिच्यासाठी मला एक पैसाही मोजावा लागला नाही. तरी तिच्याइतकी मोलाची वस्तू आज माझ्या घरात दुसरी नाही. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या वैशाखात आमच्या आत्येभावाचा ठाण्याहून फोन आला. "आईला पावसाआधी इकडं आणतोय. घर बंद करायचं आहे. येशील का मदतीला?"

आत्या ब्याऐंशी वर्षांची. सावंतवाडीपासून पाच-सहा किलोमीटरवर एका वाडीत तिचे कौलारू घर. आते-यजमान गेल्यापासून ती तिथे एकटीच राहत होती. कोकणातले घर म्हणजे दर वर्षी नव्याने सांभाळायचे मूल. मृगाआधी कौले चाळून घ्यायची, गळती बुजवायची, पडवीला झडपा लावायच्या. पण कौले चाळणारा गडी मिळेनासा झाला आणि आत्याचे गुडघे तिला जुमानेनासे झाले. तेव्हा शेवटी तिनेच मुलाला सांगितले, "आता ने मला."

जायचे ठरले, पण आमच्या घरातून तिघांची तीन कामे निघाली. भावाचे काम सांगितलेच. आमच्या सौ.चे काम म्हणजे रुखवत. मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे. हल्ली रुखवत भाड्यानेही मिळते, असे मी कुठेसे ऐकले होते. सकाळी आणून मांडायचे, संध्याकाळी उचलून न्यायचे. ना शिवण, ना टिपण! मी हे मोठ्या उत्साहाने घरात सांगितले. सौ. शांतपणे म्हणाली, "म्हणजे सप्तपदी तेवढी आपली, बाकी सगळं भाड्याचं." यावर मी वर्तमानपत्र उघडले. तेव्हा सावंतवाडीहून चार सुबक लाकडी वस्तू आणायच्या आणि रुखवताला शोभा आणायची, असा तिचा बेत होता.

माझे काम मी कोणालाच सांगितले नव्हते. मला बाबांची पत्रे हवी होती.

26 जुलै 2005 ही तारीख मुंबईकराला सांगावी लागत नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आम्ही तेव्हा कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होतो. पाणी कमरेपर्यंत चढले. माणसे वरच्या मजल्यावर गेली, म्हणून वाचली. पण पलंगाखालची बाबांची ट्रंक राहिली. दोन दिवसांनी उघडली तेव्हा आत कागद नव्हते, चिखल होता. त्यांच्या डायऱ्या, हिशेबाच्या वह्या, सारे गेले. बाबा त्याआधीच वारले होते. पुढे एकदा कशासाठी तरी शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की वडिलांच्या हातची एक ओळसुद्धा आपल्याकडे उरलेली नाही.

मात्र बाबा आपल्या धाकट्या बहिणीला दर महिन्याला पत्र लिहीत. पोस्टकार्ड, नाहीतर अंतर्देशीय. आत्या ती सगळी एका पत्र्याच्या पेटीत ठेवी, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. घर बंद व्हायच्या आत ती पेटी मागून घ्यायची, असे मी मनाशी ठरवले होते.

कोकणकन्येने रात्री मुंबई सोडली. माझ्या लहानपणी हा प्रवास एस.टी.ने होई. रात्रभर घाटांची वळणे, मांडीवर पिशवी आणि शेजाऱ्याचे डोके आपल्या खांद्यावर. 1998 साली कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला आणि शेजाऱ्याचे डोके तेवढे खांद्यावरून उतरले. रत्नागिरी मागे पडल्यावर पानवलचा पूल लागतो. त्याची उंची 64 मीटर. खाली पाहू नये असे वाटते आणि पाहिल्यावाचून राहवत नाही. मग काजूच्या बागा, तांबड्या मातीचे चर, फणसांनी लगडलेली झाडे आणि कणकवली, कुडाळ करता करता सावंतवाडी रोड. स्टेशन गावापासून बरेच लांब आहे. गावात जायला रिक्षा करावी लागते.

गाव मात्र पाहताक्षणी आवडावे असे. मधोमध मोती तलाव, त्याच्या काठाने रस्ता आणि तलावासमोर संस्थानचा राजवाडा. बाजारातल्या चितार आळीत शिरले की दोन्ही बाजूंना रंगच रंग! पाट, चौरंग, पाळणे, पांगुळगाडे आणि फळांचे ढीग. चिताऱ्यांची, म्हणजे चित्रे व रंगकाम करणाऱ्यांची, ही जुनी वस्ती. खेळण्यांना पांगाऱ्याचे लाकूड वापरीत आले आहेत. ते वजनाला हलके आणि कोरायला मऊ. मात्र आता ते पूर्वीसारखे सहज मिळत नाही, असे एका दुकानदाराने सांगितले. सौ.ने एक डझन फळे निवडली आणि घासाघीस सुरू केली.

"ताई, नाव घालून देऊ काय? वधूवरांचं? पाटावर छान दिसतं," दुकानदार म्हणाला.

नाव घातले की वस्तू आपली होते, अशी सोय आता सगळ्याच बाजारांत झाली आहे. आम्ही पाटावर नावे घालायला दिली आणि तेवढ्या वेळात राजवाडा पाहून आलो.

राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसलेले असतात. गंजिफा म्हणजे पत्तेच, पण गोल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पाने असे 120 पत्ते असतात. मोगली गंजिफेत आठ रंग आणि 96 पत्ते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जवळजवळ संपल्यात जमा होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, इतरांना शिकवली आणि जगवली. सत्वशीलादेवी 2018 साली गेल्या. कुंचला चालूच आहे.

मला तिथे सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ही पाने पूर्वी कशाची करीत? तर जुन्या कापडाची! कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे, वर पांढरा लेप देऊन घोटायचे, रंगवायचे आणि लाखेचा हात द्यायचा. म्हणजे राजदरबारात जी खेळली जाई, त्या गंजिफेचा मूळ माल जुने धोतर आणि चिंचोके! आपण जे फेकतो त्यातून हे निघते, असे म्हणत मी सौ.कडे पाहिले. "आपण नाही, तुम्ही फेकता," ती म्हणाली.

पाट घेऊन दुपारी आत्याच्या घरी पोचलो. खळ्यात पाय ठेवला आणि थबकलो. शेणाने सारवलेल्या त्या अंगणात उन्हात ओळीने टोपल्या पालथ्या घातल्या होत्या. लहान, मोठ्या, वाटीएवढ्या, परातीएवढ्या. मोजल्या तर चौदा भरल्या. आत्या पडवीत बसून करवंटी कानशीने घासत होती. पलीकडे जुन्या लुगड्यांची गोधडी अर्धी टाचून पडली होती.

"आलास? ये. सगळ्यांना काहीतरी द्यायला हवं ना घरातलं. भांडी कोणाला नको असतात आता, आणि कपाटं मुंबईच्या घरात मावत नाहीत. म्हणून म्हटलं, आपल्या हातचंच करावं."

मग तिने एकेक दाखवायला सुरुवात केली. करवंटीच्या दवल्या सगळ्या सुनांना. माडाच्या हिरांची छोटी केरसुणी शेजारणीच्या नव्या घराला. गोधडी आमच्या मुलीला. तिच्यात माझ्या आजीच्या लुगड्याचा काठ आहे म्हणाली. आणि टोपल्या बाकीच्यांना, ज्याच्या त्याच्या नावाने. "ही मोठ्या नणंदेच्या घरची. ही पुण्याच्या भाचीची. आणि ही तुझी."

माझी टोपली मध्यम आकाराची, काठाला गेरूची रेघ. हातात घेतली, तर वजनाला अगदी हलकी.

"कशाची गं?"

"कागदाच्या लगद्याची. पूर्वी घरोघर करायचे. ज्याची पत्रं, त्याची टोपली. ही दादाच्या पत्रांची आहे."

वाचकहो, त्या क्षणी माझे काय झाले, हे मी फुलवून सांगत नाही. ज्या एका गोष्टीसाठी मी रात्रभर प्रवास करून आलो होतो, ती भिजवून, कुटून, थापून उन्हात वाळत ठेवलेली होती! मी नको ते बोललो. "आत्या, अगं, पत्रं होती ती! विचारायचंस तरी एकदा!" एवढ्यावर थांबायला हवे होते, पण थांबलो नाही. "म्हातारपणी काही सुचत नाही माणसाला," असेही बोलून गेलो. आत्याने करवंटी खाली ठेवली आणि काही न बोलता ती आत गेली. सौ. माझ्याकडे अशी पाहू लागली, की उन्हात उभे राहणे बरे वाटले.

थोड्या वेळाने आत्याच बाहेर आली. हातात ती पत्र्याची पेटी होती. तिने झाकण उघडून पेटी माझ्यापुढे ठेवली. तळाला गंजून भोके पडली होती आणि आत वाळवीची ओली माती चिकटलेली होती.

"गेल्या पावसाळ्यात लागली," ती म्हणाली. "माळ्यावर होती. मला जिना चढवेना. दिवाळीला गडी चढवला, तेव्हा कळलं. अर्ध्याच्या वर खाल्ली होती. काहींचे नुसते काठ राहिले होते, काहींचं एकेक ओळ. त्याचं काय करू? जाळू? की उकिरड्यावर टाकू? कोणाची अक्षरं अशी टाकवत नाहीत रे." मग जरा थांबून म्हणाली, "लगद्यात मेथी असते. मेथीला कसर लागत नाही. पेटीत ठेवून गेली. म्हटलं, टोपलीत राहतील."

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "मेल्या, आधी जेव." कोकणात क्षमा करण्याची ही रीत आहे.

जेवणानंतर सौ.ने तिच्याकडून सगळी कृती विचारून घेतली. ती इथे देतो. कागदाचे बारीक तुकडे करून तीन-चार दिवस पाण्यात भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचे. वर्तमानपत्र चालते, पोस्टकार्ड उत्तम; मात्र गुळगुळीत चकचकीत कागद घेऊ नये, तो भिजतच नाही. भिजले की पिळून उखळात कुटायचे किंवा पाट्यावर वाटायचे. कणकेसारखा मऊ गोळा झाला पाहिजे. घमेलेभर लगद्याला वाटी-दीड वाटी मेथी रात्री भिजत घालून सकाळी वाटून मिसळायची. चिंचोके भाजून, साले काढून, भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवून खळ करायची. तीही लगद्यात घालायची. मग एखादे पातेले पालथे घालून त्यावर ओले फडके पसरायचे आणि लगदा चारी बाजूंनी सारखा थापायचा. जाडी अर्ध्या बोटाची. पहिला दिवस सावलीत, पुढे उन्हात. एकदम उन्हात ठेवले तर तडे जातात. अर्धवट वाळल्यावर पातेल्यावरून अलगद काढून आतली बाजू वाळवायची. शेवटी खळीने वर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि हवा तो रंग द्यायचा. खर्च काही नाही. "खर्च नाही कसा? माझा एक महिना गेला," आत्या म्हणाली. या वाक्याने फुकट या शब्दाचा अर्थ मला नव्याने कळला.

पट्ट्यांचे ती बोलली, तेव्हा माझे लक्ष गेले नव्हते. रात्री झोप येईना, म्हणून पडवीत आलो. टोपली तिथेच होती. सहज बॅटरी पाडली आणि पाहतच राहिलो. टोपलीच्या बाहेरच्या अंगाला, गेरूच्या रेघेखाली, बोटभर रुंदीच्या पट्ट्या होत्या. आणि त्यांवर निळ्या शाईत बाबांचे अक्षर होते. उजवीकडे किंचित झुकलेले, वेलांटी मोठी काढणारे. एका पट्टीवर "चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद." एकीवर "मनिऑर्डर पोचल्याचे कळवावे." एकीवर "चिरंजीवाचे अक्षर काही सुधारत नाही." ते चिरंजीव म्हणजे मी! मला हसू आले. टोपली फिरवली. पुढची पट्टी अशी होती: "आज त्याला मारले. नंतर रात्री" आणि तिथे पट्टी संपली होती.

मला तो दिवस आठवला. दहा-अकरा वर्षांचा असेन. शाळेची फी भरायला दिलेल्या पैशांतून मी सिनेमा पाहिला होता. बाबांनी आयुष्यात मला एकदाच मारले, ते त्या दिवशी. त्या गोष्टीवर आम्ही दोघे पुढे कधी बोललो नाही. माझ्या मनात तो मार तेवढा राहिला होता. त्यांनी तो आपल्या बहिणीला कळवला असेल, हे स्वप्नातही आले नव्हते.

पहाटे आत्या चुलीपाशी चहा करत होती. मी टोपली घेऊन जवळ बसलो आणि त्या पट्टीवर बोट ठेवले. "याच्यापुढं काय होतं गं?"

तिने चष्माही लावला नाही. "पुढं वाळवीनं खाल्लं. पण मला ठाऊक आहे ना. 'नंतर रात्री उठून त्याच्या अंथरुणापाशी बसलो. झोपेत हुंदका देत होता. मला मारता येत नाही, ताई.' असं होतं. मी उलट लिहिलं, येत नाही तर मारू नकोस."

चुलीवरचे आधण उतू जाईपर्यंत आम्ही दोघे गप्प होतो.

"जी वाचता येत होती, त्यातली तुला लागतील ती निवडून वर लावली," ती म्हणाली. "आख्खी पत्रं दिली असती तर बांधून ठेवली असतीस, कपाटात."

हे अगदी खरे होते. मी गठ्ठा मागायला आलो होतो. तो नेला असता, प्लास्टिकच्या पिशवीत घातला असता आणि माझ्यामागे तो मुलीच्या गळ्यात पडला असता. बाजारातल्या पाटावर नाव घातले, की तो आमचा झाला असे आम्ही समजलो. या टोपलीवर माझे नाव कुठेच नाही. पण ती करणारीला माझा स्वभाव ठाऊक होता, माझ्या वडिलांचा ठाऊक होता, आणि दोघांत काय बोलायचे राहून गेले तेही ठाऊक होते. चितार आळीतल्या कारागिराचा हात आत्याहून शंभर पटींनी सफाईदार. त्याच्या फळाला पाहुणा फसतो. आत्याच्या टोपलीला एका बाजूला पोक आले आहे. पण तिची टोपली दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. दिली तरी त्याच्या उपयोगाची नाही.

तिसऱ्या दिवशी घराला कुलूप लागले. आत्याने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले, मागे न पाहता ती रिक्षात बसली आणि स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. गाडी सुटल्यावर मात्र म्हणाली, "टोपल्या वर नीट ठेवल्यास ना? कोणाची बॅग पडायची त्यांच्यावर."

आता ती ठाण्याला सातव्या मजल्यावर असते. दर रविवारी आम्ही जातो. मी शेजारी वही घेऊन बसतो आणि टोपलीवरच्या एकेका पट्टीचे पुढचे मागचे विचारतो. ती आठवून सांगते, मी लिहून घेतो. आठ पट्ट्या झाल्या आहेत. अकरा राहिल्या आहेत. कधी एकच गोष्ट ती दोनदा दोन प्रकारे सांगते. मी दोन्ही लिहितो. घाई आहे, हे तिलाही कळते आणि मलाही. तसे आम्ही बोलत नाही.

ऑक्टोबरचे ऊन पडले तशी आमच्या मुलीला हौस आली. तिने घरातला कागद गोळा केला. विजेची बिले, औषधांच्या पावत्या आणि गुळगुळीत लग्नपत्रिका, ज्या भिजता भिजत नाहीत. लगदा मिक्सरमध्ये घातला. मिक्सर दुरुस्तीला गेला. मेथीच्या वासाने शेजाऱ्यांनी दोनदा दार वाजवून चौकशी केली. अखेर जे झाले त्याला टोपली म्हणणे हे वडिलांचे काळीज आहे. ती घेऊन मुलगी आत्याकडे गेली आणि तक्रार करू लागली, "आत्याआजी, माझ्याकडं कोणाची पत्रंच नाहीत. मी वर काय चिकटवू?"

आत्याने ती वाकडी टोपली हातात घेऊन चहूबाजूंनी पाहिली. "आधी चार पत्रं लिही कोणाला तरी," ती म्हणाली. "टोपलीचं मग बघू."

मार्गशीर्षात रुखवत मांडायचे आहे. पाट असेल, गोधडी असेल. चितार आळीतली लाकडी फळे कशात ठेवायची, यावर घरात चर्चा झाली आणि आत्याच्या टोपलीतच ठेवायची असे ठरले. मी लगेच हो म्हटले. फक्त टोपली मी स्वतः मांडणार आहे. रुखवत पाहायला गर्दी होते. तेव्हा त्या एका पट्टीची बाजू भिंतीकडे असलेली बरी.